कायद्याच्या वर्गातले बाबासाहेब



आपल्या घराघरांत तथागतांच्या प्रतिमेशेजारी परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते. त्या तसबिरीत पुष्कळदा त्यांच्या हाती एक जाड पुस्तक दिसते. ते पुस्तक राज्यघटनेचे, हे आपले बालवाडीतले पोरही सांगते. पण घटना लिहिण्याआधी बाबासाहेब कायद्याचे विद्यार्थी होते, वकील होते आणि कायद्याच्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक व प्राचार्यही होते, ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. मी स्वतः शाळामास्तर. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातला हा शिकवण्याचा भाग मला विशेष जवळचा वाटतो.

हा लेख लिहायला एक निमित्त घडले. माझा एक जुना विद्यार्थी कायद्याच्या कॉलेजात गेला. त्याच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. सुट्टीत तो भेटायला आला आणि त्याने विषयांची यादी दाखवली. करार, मालमत्तेचे हस्तांतरण, फौजदारी, पुरावा, कौटुंबिक कायदा आणि राज्यघटना. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्याला सल्ला दिला होता की घटनेचा पेपर गाईड वाचून काढावा, कारण वकिलाचे पोट दिवाणी-फौजदारीवर चालते. हे खरे का, असे तो मला विचारीत होता. मी कायदा शिकलेलो नाही. पण या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे, एवढे मला माहीत होते. तेच उत्तर येथे मांडतो.

शिक्षण

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेरच्या वागणुकीचे चटके सोसत, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९१२ साली बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय अभ्यासले. कायद्याचा रीतसर अभ्यास त्यांनी लंडनला सुरू केला. १९१६ साली ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अर्धा अभ्यास टाकून परतावे लागले.

पुढे बडोद्याच्या नोकरीत काय झाले, ते आपण जाणताच. एवढा शिकलेला माणूस, पण शहरात राहायला छप्पर मिळाले नाही. नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी आणि मित्र नवल भथेना यांनी मदत केली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॅरिस्टर होण्याच्या तीन वर्षे आधी, १९१९ सालच्या जानेवारीत, मतदानाचा हक्क कोणाला द्यावा याचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली होती. म्हणजे कोर्टात उभे राहण्याची सनद हाती येण्यापूर्वीच त्यांच्या मनात राज्याच्या मूळ रचनेचा प्रश्न उभा होता. सत्ता कोणाच्या हाती, मत कोणाला आणि दुबळ्याचे संरक्षण कोण करणार? यालाच घटनेचा कायदा म्हणतात.

वकिली आणि पोटापाण्याचा कायदा

१९२३ साली बाबासाहेबांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. वकिली चालायची तर मोठे पक्षकार लागतात, सॉलिसिटरांची ओळख लागते. अस्पृश्य बॅरिस्टराकडे ते कोठून येणार? परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत गिरणी कामगार आणि खेड्यातून आलेली गरीब माणसे येत. संसाराला हातभार म्हणून १९२५ पासून त्यांनी बॅटलीबॉय यांच्या हिशेबनीस तयार करणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मिळालेला सल्ला अगदीच खोटा नव्हता. व्यापार, करार, मालमत्ता यांच्या कायद्यावर पोट चालते, हे बाबासाहेबांनीही अनुभवले. आणि हे विषय त्यांना कच्चे नव्हते. मर्यादा कायदा, पुरावा, मालमत्तेचे हस्तांतरण, विश्वस्त कायदा, फौजदारी प्रक्रिया या विषयांवरची त्यांची टिपणे महाराष्ट्र शासनाने १९९३ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात छापली आहेत. ज्याला चांगला वकील व्हायचे त्याला हे सारे यावेच लागते. पण एवढ्याने भागते का? हा प्रश्न महाडला उभा राहिला.

चवदार तळ्याचा दावा

सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला धरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले. पाण्याला मात्र कोणी हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा सवर्ण मंडळींनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. जमलेली हजारो माणसे तळ्यावर जायला उतावीळ होती. पण कोर्टाचा हुकूम होता. बाबासाहेबांनी लोकांची समजूत घातली, सत्याग्रह थांबवला आणि लढाई कोर्टात नेली.

दावा काय होता, तो समजून घेऊ या. वादींचे म्हणणे दोन प्रकारचे. एक, तळे खाजगी मालकीचे. दुसरे, अस्पृश्यांनी त्या तळ्याला शिवू नये ही अनादिकाळापासूनची रूढी, आणि रूढी हाही कायदाच.

या दुसऱ्या म्हणण्यात खरी गोम आहे. त्या काळच्या कायद्यात जुन्या, अखंड चालत आलेल्या रूढीला कोर्ट मान देई. आज एखादा म्हणेल, ही कसली रूढी, हा तर अन्याय. पण अन्याय आहे एवढे म्हणून चालत नव्हते. रूढी खोडून काढणारा वरचा कायदा कोठे होता? तो नव्हताच. सरकारचा ठराव होता, पण नगरपालिका तो पाळायला बांधील नव्हती. ठराव करणारी नगरपालिकाच तो रद्द करू शकत होती, आणि तिने तो केलाही.

हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला.

कॉलेजातील वर्ग

हा दावा चालू असतानाच बाबासाहेब कायदा शिकवू लागले. १९२८ साली मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात ते हंगामी प्राध्यापक झाले. १८५५ साली स्थापन झालेले हे कॉलेज देशातील कायद्याच्या सर्वांत जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक. पुढे १९३५ सालच्या जूनमध्ये ते त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले. हा काळ त्यांच्या घरात दुःखाचा होता. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या होत्या. थोडेच दिवस लोटले तोच त्यांच्यावर ही जबाबदारी आली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. सरकारी कॉलेजाचा प्राचार्य आणि हिंदू धर्म सोडण्याची घोषणा करणारा पुढारी एकच. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला शिवू दिले नाही, तो आता मुंबई इलाख्यातल्या कायद्याच्या मोठ्या कॉलेजाचा प्रमुख होता.

ते तेथे काय शिकवीत? त्यातला एक महत्त्वाचा विषय होता इंग्लंडची राज्यघटना. या व्याख्यानांची टिपणेही बाराव्या खंडात आहेत. आपल्या देशाला तेव्हा स्वतःची घटना नव्हती. ब्रिटिश पार्लमेंट कायदा करी आणि त्याप्रमाणे हिंदुस्थानचा कारभार चाले. १९१९ चा कायदा तसाच आला, १९३५ चाही तसाच. म्हणून येथल्या विद्यार्थ्याला घटनाशास्त्र म्हणून इंग्लंडची घटना शिकावी लागे, आणि त्यासाठी डायसी या इंग्रज पंडिताचा ग्रंथ प्रमाण मानला जाई. त्या ग्रंथातली मुख्य तत्त्वे आपल्याला समजतील अशी आहेत. पार्लमेंट सर्वश्रेष्ठ आहे, तिने केलेला कायदा कोणतेही कोर्ट रद्द करू शकत नाही. राजापासून शिपायापर्यंत सर्वांना एकच कायदा लागू आहे. आणि बऱ्याच गोष्टी कोठे लिहिलेल्या नसतात, त्या संकेताने पाळल्या जातात.

बाबासाहेब पार्लमेंट म्हणजे काय, राजपद म्हणजे काय, उमरावांची सभा कशी बनते, सभागृहांचे हक्क कोणते, हे मुळापासून उलगडून सांगत. शिकवणाऱ्या माणसाला यातले मर्म कळते. विद्यार्थ्याला तत्त्व सांगण्याआधी यंत्र दाखवावे लागते. सत्ता कोठे बसते, ती कोण हलवतो आणि तिला कोण अडवतो, हे कळल्यावाचून पुढचा धडा त्याच्या डोक्यात शिरत नाही.

कॉलेजाच्या नियतकालिकात १९३६ सालच्या जानेवारीत त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणात सुधारणा कशी व्हावी यावर लेखही लिहिला. प्राचार्याची खुर्ची त्यांनी नुसती सांभाळली नाही; वकील कसा घडवावा याचा त्यांनी विचार केला. आणि हे सारे चालू असताना जातिसंस्थेच्या उच्छेदावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९३६ साली बाहेर पडला. स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत ते निवडून आले.

निकाल आणि त्याचा धडा

१७ मार्च १९३७ रोजी चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवटचा निकाल लागला. खालच्या कोर्टांत हरलेले वादी उच्च न्यायालयात आले होते. तेथेही ते हरले. तळे खाजगी नाही, आणि अस्पृश्यांना बंदी घालणारी रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरवले. आपण जिंकलो. कायद्याच्या कॉलेजाचा प्राचार्य आपल्या लोकांच्या वतीने लढवलेला दावा जिंकला, याचा आनंद केवढा!

पण बंधूंनो, या निकालाकडे जरा बारकाईने पाहा. आपण जिंकलो ते कशामुळे? रूढीचे जुनेपण शाबीत झाले नाही म्हणून. माणसामाणसांत भेद करणे हेच बेकायदा, असे म्हणायला कोर्टाच्या हाती आधार नव्हता. समजा, वादींनी जुने पुरावे आणून ती रूढी अनादि ठरवली असती तर? तर पाण्यावरचा आपला हक्क धोक्यात आला असता. जो अन्याय जितका जुना तितका तो कायद्यात बळकट, अशी ही उलटी व्यवस्था होती.

चांगला दिवाणी वकील असा दावा जिंकू शकतो, पण तो एका तळ्यापुरता. दुसऱ्या गावी दुसरे तळे, तिसऱ्या गावी विहीर, चौथ्या गावी देऊळ. प्रत्येक ठिकाणी रूढीचे वय मोजत बसायचे का? याचे उत्तर करार किंवा मालमत्तेच्या कायद्यात सापडत नाही. ते रूढीच्याही वर बसलेल्या कायद्यात, म्हणजे घटनेत लिहावे लागते.

घटनेत काय आले

गोलमेज परिषदा, व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्रिपद, घटना समितीवर आधी बंगालमधून आणि फाळणीनंतर मुंबईतून झालेली निवड, हा इतिहास आपण वेळोवेळी ऐकला आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी तयार केलेला आराखडा समितीपुढे होता, समितीत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखे कायदेपंडित होते. तरी सभागृहात एकेका कलमाची बाजू मांडण्याचा, आक्षेपांना उत्तर देण्याचा मुख्य भार बाबासाहेबांनी उचलला. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी सभागृहाला घटना समजावून दिली. लॉ कॉलेजातला प्राध्यापक येथे उपयोगी पडला, असे मला वाटते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

आता महाडचा दावा डोळ्यांपुढे ठेवून काही कलमे वाचू या. कलम १३ सांगते की मूलभूत हक्कांना विरोधी असलेला कायदा तेवढ्यापुरता रद्द समजावा, आणि कायदा या शब्दात रूढी व वहिवाटही येतात. कलम १५ सांगते की सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा सर्वांसाठी असलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाला आडकाठी करता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम ३२ ने मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क दिला.

चवदार तळ्याच्या दाव्यातला एकेक अडथळा येथे दूर झालेला दिसतो. रूढी कितीही जुनी असो, तिचे वय आता विचारावे लागत नाही. ती हक्काच्या आड आली की पडते. डायसीच्या इंग्लंडात पार्लमेंट सर्वश्रेष्ठ. आपल्याकडे घटना सर्वश्रेष्ठ. पुढे १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात असेही ठरवले की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही.

घटनेच्या एकेका कलमातून पुढे रोजच्या वापरातले कायदे निघाले. कलम १७ मधून १९५५ चा अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. म्हणून ज्या वकिलाला घटना येत नाही, त्याला हे फौजदारी कायदेही नीट चालवता येणार नाहीत. मुळे ठाऊक नसलेला माणूस फांद्या कशा सांभाळणार?

सिद्धार्थ आणि धम्म

बाबासाहेबांनी शिकवणे कधी सोडले नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. हिंदू कोड बिलासारख्या विषयावर स्वतः बाबासाहेब त्या संसदेत बोलले आहेत. आणि १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले.

१९५६! हे साल आपण विसरू शकत नाही. ज्या वर्षी त्यांनी आपल्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्म दिला, त्याच वर्षी त्यांच्या संस्थेने कायद्याचे कॉलेज उघडले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. जाता जाता त्यांनी आपल्या हाती ठेवलेल्या या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले आहे की एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून ती खरी मानू नका, तपासून पाहा. कलम १३ रूढीला जे लावते ते हेच माप आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते.

घटनेचा कायदा आपल्या घरापर्यंत कसा येतो, याचे आणखी एक उदाहरण. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. आपण मात्र धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. माणूस तोच, वस्ती तीच, गावकऱ्यांची वागणूकही तीच, पण कागदावरची जात गेली म्हणून हक्क गेला. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्रात १९९० सालची दुरुस्ती होईपर्यंत बौद्धांना थांबावे लागले. १९५६ ते १९९०, म्हणजे चौतीस वर्षे. एक पिढी शाळेत गेली, नोकरी शोधून थकली आणि तिची मुलेही मोठी झाली. हा प्रश्न कलम ३४१ चा होता. किती आईबापांना ते कलम ठाऊक होते? आपल्यातले किती वकील ते समजावून सांगू शकत होते?

शेवटी एवढेच

आज वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या अभ्यासक्रमात घटनेचा विषय सक्तीचा आहे. तेव्हा पेपर द्यावा लागतोच. प्रश्न तो कसा शिकायचा एवढाच आहे. माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितले की करार शीक, पुरावा शीक, मालमत्ताही शीक. त्यावर तुझे घर चालेल. पण घटना आधी शीक, मुळातून शीक, गाईड बाजूला ठेवून शीक. कारण बाकीचे सर्व कायदे न्याय्य आहेत की नाहीत, हे तपासण्याचे माप तिच्यात आहे. ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या जमीन होती, वतन होते, मान होता, त्यांचे रूढीवर आणि मालमत्तेच्या कायद्यावर भागले. आपल्याजवळ यातले काही नव्हते.

कॉलेजात न गेलेल्या बांधवांनाही सांगावेसे वाटते. घटनेची मराठी प्रत मिळते. ती घरी आणा. पौर्णिमेला वंदना झाली की घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने एक कलम मोठ्याने वाचावे आणि आजीला समजेल अशा बोलीत सांगावे. सुरुवात कलम १३ पासून करा, मग १४, १५, १७ आणि ३२. तसबिरीतले पुस्तक बाबासाहेबांच्या हातात शोभते, पण त्यांनी ते आपल्या हातात यावे म्हणून लिहिले.

नमो बुद्धाय! जय भीम!